चौथा परिच्छेद

८ जानेवारी

फीत कापायला कात्री माझी गेली!

‘सुलभ न्याय कक्षा’चं आज उद्घाटन. पाहुणे, हार, माईक सगळं वेळेवर. कात्री तेवढी कुणी आणली नव्हती. शिपाई धावत माझ्या टेबलाशी आला, “काका, तुमची द्या पटकन!” दिली. एकतीस वर्षं कोर्टाच्या फाटकाशी, पत्र्याखाली बसून लोकांचे अर्ज लिहितोय. माझ्या पोटावर पाय आणणारी फीत माझ्याच कात्रीने कापली गेली, आणि टाळ्या मीही वाजवल्या. कात्री परत आली ती पेढ्याने चिकट होऊन.

पाहुणे म्हणाले, “आता सामान्य माणसाला कुणाच्या हातापाया पडावं लागणार नाही. न्याय त्याच्या दारात येईल.” दार दुसऱ्या मजल्यावर आहे. लिफ्ट नाही. खाली जी पाटी लावली आहे तिच्यावरचा बाण स्वच्छतागृहाकडे जातो.

घरी सांगितलं. ही म्हणाली, “मग आता तुमचं कसं?”

म्हटलं, “लोक खालीच असतात. आणि मी खालीच बसतो.”

“हो, त्यांच्या वाटेत,” म्हणाली. चाळीस वर्षं शाळेत शिकवल्यावर माणसाला शेवटचा शब्द आपलाच लागतो.

९ जानेवारी

कक्षात आज एकही माणूस गेला नाही. कक्ष कुठे आहे हे विचारायला माझ्याकडे सात जण आले.

१२ जानेवारी

कक्षात नेमलेली वकीलबाई आज खाली आली. सव्वीस-सत्तावीसची असेल. काळा कोट अंगाला मोठा होतो. समोरच्या बाकावर बसली आणि म्हणाली, “काका, वर कुणी येत नाही. म्हटलं, लोक जिथे येतात तिथे येऊन बघावं.” पोरगी साधी आहे की फार हुशार, कळेना.

तिने माझे जुने अर्ज बघायला मागितले. कार्बन कॉपी मी सगळ्यांच्या ठेवतो, वर्षावार गठ्ठे बांधून. अभिमानाने कपाट उघडलं. तासभर वाचत बसली. मग विचारते, “काका, या सगळ्यांचा चौथा परिच्छेद एकच कसा?”

आता हिला काय सांगायचं! चौथा परिच्छेद म्हणजे आमच्या धंद्याचा प्राण. माझ्या आधी या टेबलावर बसायचे ते गुरुजी— त्यांनी मला शिकवलं. पहिल्या परिच्छेदात नाव-गाव, दुसऱ्यात मागणी, तिसऱ्यात कायदा. तिन्ही कुणी वाचत नाही. साहेब वाचतात तो चौथा. तिथे काळीज हललं पाहिजे. “सदर अर्जदार ही वृद्ध, व्याधिग्रस्त व निराधार असून, तिला मस्तकी छप्पर नाही, पाठीशी माणूस नाही, ती उघड्यावर ऊन-वारा सोशीत कसेबसे दिवस कंठीत आहे.” गुरुजींचं वाक्य. ‘सोशीत’ आणि ‘कंठीत’ मी घातलं.

आणि गुरुजींचा दुसरा धडा: अर्जदाराला बोलू द्यायचं नाही. बोलू दिलं की अर्ज बिघडतो. तो शेजारणीपासून सुरू करतो, म्हशीवर संपवतो. म्हणून माझ्या टेबलावर पाटी आहे: ‘मुद्द्याचं बोला.’

वकीलबाईने पाटी वाचली. म्हणाली, “आणि मुद्दा कुठला, ते कोण ठरवतं?”

“मी,” म्हटलं. दुसरं कोण?

१७ जानेवारी

इस्त्रीवाली आली होती. कोर्टाच्या मागच्या गल्लीत तिची टपरी. माझे शर्ट तिच्याकडेच असतात. नवरा गेला त्याला नऊ-दहा वर्षं झाली, मुलगी लग्न होऊन दूर. एकटी बाई. हातात नोटीस.

राहते ती खोली सोडायची आहे. म्हातारा मालक होता तोवर तोंडी कारभार चालला, पावती कधी दिली नाही. आता मुलगा मालक झाला. त्याला इमारत पाडायची आहे. नोटिशीत लिहिलंय की ही बाई भाडेकरू नाहीच, दोन-तीन वर्षांपूर्वी दया म्हणून राहू दिली. दया! ती सव्वीस वर्षं राहते तिथे.

कायदा मला पाठ आहे. एकाच जागेत सलग दहा वर्षं राहिलं असेल तर पावती असो नसो, असं उचलून बाहेर काढता येत नाही. पण सलग हवीत. मध्ये खंड पडला की हक्क गेला.

ती सांगू लागली, “भाऊ, लग्न होऊन आले ना, तेव्हा त्या खोलीला खिडकी पण नव्हती—”

“मुद्द्याचं,” म्हटलं. गप्प झाली बिचारी.

अर्ज लिहून भागणार नव्हतं, वकील पाहिजे. म्हटलं, वर जा, दुसऱ्या मजल्यावर, फुकट वकील मिळतो म्हणे. खरं सांगायचं तर चेष्टेनेच पाठवली. तासाभरात तोंड पाडून खाली येईल, मग आपणच काहीतरी करू, असा हिशेब.

संध्याकाळपर्यंत खाली आली नाही. मी दोनदा जिन्याकडे बघितलं.

१८ जानेवारी

आली! पण काय प्रकार. फुकट वकील हवा तर फॉर्म भरायचा. फॉर्मला पत्त्याचा पुरावा जोडायचा. पत्ता कुठला, तर ज्या खोलीत ती राहत नाही असं मालक म्हणतो, ती खोली. पुरावा कुणी द्यायचा, तर मालकाने!

मी पोट धरून हसलो. इस्त्रीवाली नाही हसली. मग मीही थांबलो.

वकीलबाईने म्हणे फॉर्मवर स्वतःच लिहिलं, ‘मी जाऊन खोली पाहिली आहे,’ आणि सही ठोकली. वर काम सुटल्यावर खरंच जाऊनही आली. आधी सही, मग पाहणी. वकील म्हणून अगदीच वाईट नाही ही!

२९ जानेवारी

केस उभी राहतेय. मुलीच्या शाळेच्या रजिस्टरात बारा वर्षांपूर्वीचा पत्ता तोच, शाळा सोडल्याच्या दाखल्यावरचाही तोच. सात वर्षांपासूनचा एक शेजारी साक्ष द्यायला तयार आहे. वकीलबाई रोज खाली येऊन मला सांगते, जसं काही मी तिचा सिनियर.

मला कुठेतरी टोचतंय. वर पाठवलं मी, अन् जिंकणार वरचे. लिहून ठेवतो म्हणजे निचरा होईल.

९ फेब्रुवारी

आज पहिली सुनावणी. टेबल बंद करून मीही मागच्या बाकावर जाऊन बसलो. बसलो नसतो तर बरं झालं असतं.

मालकाच्या वकिलाने फाईलमधून एक कागद काढला. म्हणाला, “नऊ वर्षांपूर्वी याच बाईंनी विधवा-सहाय्यासाठी अर्ज केला होता. स्वतःच्या अंगठ्यानिशी. त्यातला चौथा परिच्छेद वाचतो, साहेब.”

आणि वाचला! आवाज काय होता त्या माणसाचा! ‘मस्तकी छप्पर नाही’ला थांबला. ‘उघड्यावर ऊन-वारा सोशीत’ला चष्मा काढला. मी आजवर माझं वाक्य कुणाच्या तोंडून ऐकलं नव्हतं. मागे एक बाई डोळे पुसत होती.

“म्हणजे नऊ वर्षांपूर्वी बाई उघड्यावर राहत होत्या, हे त्या स्वतःच सांगतात. मग सलग दहा वर्षं कुठून आली?”

कागदाखाली शिक्का: अर्जलेखक, परवाना क्रमांक, माझी सही. वळणदार.

वकीलबाईने मागे वळून माझ्याकडे पाहिलं. रागाने पाहिलं असतं तर चाललं असतं. पुढची तारीख ७ मार्च. इस्त्रीवाली बाहेर येऊन मला म्हणाली, “भाऊ, काय म्हणाला तो? चांगलं वाचत होता.”

१० फेब्रुवारी

जेवण गेलं नाही. हिने विचारलं नाही, म्हणजे हिला कळलंय.

११ फेब्रुवारी

सुट्टी. घरीच. शेवटी सांगून टाकलं. हिने भाजी निवडता निवडता ऐकलं. मग म्हणाली, “पण तुम्ही का लिहिलंत तसं? ती तर खोलीत राहत होती ना?”

“सगळ्यांचंच लिहितो.”

“सगळेच उघड्यावर?”

“अगं, तशी भाषा असते.”

“वर्गात एखाद्या पोराने सगळ्या निबंधांत एकच वाक्य लिहिलं असतं तर मी कान धरून उभं केलं असतं.” भाजी घेऊन आत गेली. आतून म्हणाली, “लिहिलंत तुम्ही. निस्तरायचं कुणी, त्या बाईने?”

१३ फेब्रुवारी

वकीलबाई आली. बाकावर बसली नाही, उभ्यानेच बोलली. “काका, एकच मार्ग आहे. तुम्ही साक्ष द्यायची. तो परिच्छेद तिचा नाही, तुमचा आहे. सगळ्यांना तोच घालता. तिला न विचारता घातला.”

“आणि माझा परवाना?”

“जाईल बहुतेक,” म्हणाली. पोरगी खोटं बोलत नाही, ही एक मोठी अडचण आहे.

नाही म्हणून सांगितलं. छातीत धडधडतं, रक्तदाब आहे, वय झालं, पाठीशी कुणी नाही, असं बरंच बोललो. ती ऐकून घेत होती. मग म्हणाली, “हा चौथा परिच्छेद झाला, काका.”

१४ फेब्रुवारी

दिवसभर तीन अर्ज लिहिले. चौथा परिच्छेद आला की टाइपरायटरवर हात अडतो. तिघांचेही अर्ज लहान झाले. एकजण म्हणाला, “काका, यात रडणं नाही.” परत नेऊन दुसऱ्या टेबलावर लिहून घेतला.

२० फेब्रुवारी

शर्ट आणायला टपरीवर जायची लाज वाटत होती, पाच दिवस टाळलं. तर आज तीच घेऊन आली, वर्तमानपत्रात गुंडाळून.

माझ्यावर राग नाही तिचा! म्हणते, “भाऊ, तुमच्या त्या कागदामुळे तर सहाय्य मिळालं तेव्हा. पोरीची शाळा झाली त्यावर.” अपराध्याला असं काही बोलू नये. शिव्या सोसवतात.

मी विचारलं, खोली गेली तर कुठे जाशील? म्हणाली, “मुलीकडे दोन खोल्यांत सहा माणसं. तिच्या सासूला मी नको. बघू. टपरीत झोपता येतं, पाय मुडपून.” आणि हसली. चोपन्न वर्षांची बाई, पाय मुडपून टपरीत.

मग पदराशी चाळा करत म्हणाली, “भाऊ, त्या वर्षीचं एक सांगायचं होतं, तो गेला ना, तेव्हा—”

तिला नवऱ्याच्या आठवणी काढून रडताना बघायची माझ्यात ताकद नव्हती. म्हटलं, “राहू दे. मला सगळं माहीत आहे. तू काळजी करू नकोस.”

बरं, म्हणाली. गेली.

रात्री ठरवलं नाही काही. पण शर्टाची घडी मोडवेना.

२६ फेब्रुवारी

बातमी फुटली. फाटकाजवळच्या चारही टेबलांची तातडीची सभा, माझ्याच टेबलाशी. अध्यक्षस्थानी टक्कल— दुसऱ्या टेबलाचा, माझ्याहून चार वर्षांनी धाकटा, स्वतःला ज्येष्ठ म्हणवतो.

“तुम्ही पिंजऱ्यात उभं राहून म्हणणार, की आम्ही मनचं लिहितो? उद्या प्रत्येक अर्ज उलटा येईल! एकाचा चौथा परिच्छेद गेला की सगळ्यांचा गेला.”

दुसरा म्हणाला, “आपण गरिबांसाठीच तर लिहितो. आपणच बोंब मारली तर गरिबांनी जायचं कुठे?”

“दुसऱ्या मजल्यावर,” मी म्हटलं. कुणी हसलं नाही.

टक्कल जाताना खांद्यावर हात ठेवून म्हणाला, “विचार करा. तुमच्या जागेवर बसायला माझा मेव्हणा तयार आहे, पण मला ते बरं दिसत नाही.”

आत्तापर्यंत माझं साठ टक्के ‘नाही’ होतं. त्या मेव्हण्याने काम केलं.

१ मार्च

साक्ष देणार. हिला सांगितलं. चहात साखर नेहमीपेक्षा जास्त पडली.

प्रतिज्ञापत्र स्वतःच लिहायला बसलो. एकतीस वर्षं लोकांची लिहिली, आपलं काय अवघड! दोन पानं झाली. वर नेलं. अठ्ठेचाळीस पायऱ्या, मध्ये दोनदा टेकलो. एवढ्या चढून न्याय मागणाऱ्याला खरं तर तिथेच द्यायला हवा.

वकीलबाईने वाचलं. “काका, चौथा परिच्छेद वाचा.”

वाचला. ‘सदर प्रतिज्ञालेखक हा वृद्ध व व्याधिग्रस्त असून, गुडघेदुखी सोशीत, सचोटीने दिवस कंठीत आला आहे...’ हात आपोआप गेला होता!

तिने कागद बाजूला ठेवला. “काका, लिहू नका. सांगा. काय झालं होतं?”

सांगायला पाच मिनिटं लागली. तिने लिहिलं ते चार ओळी: ‘हा अर्ज मी लिहिला. चौथा परिच्छेद मी माझ्या मनाने घातला. तो मी जवळजवळ प्रत्येक अर्जात घालतो. अर्जदाराला मी काही विचारलं नव्हतं.’

माझ्या आयुष्यात इतका भिकार मसुदा बघितला नाही. तरी सही केली.

२ मार्च

साहेबांना पुरावा लागेल म्हणून कपाटातून कार्बन कॉप्या काढल्या. जिवंत माणसांच्या कॉप्यांना हात लावला नाही— त्यांचं मिळालेलं जाईल. जे आता हयात नाहीत त्यांचेच अकरा अर्ज निघाले. त्यात एक फाटकासमोरच्या दुमजली घराचा मालक. त्यालाही मी मस्तकी छप्पर नाही असं लिहिलंय! गच्चीवरच्या टाकीसाठी परवानगी मागत होता तो.

७ मार्च

उभा राहिलो पिंजऱ्यात. शपथ घेतली. या फाटकाशी इतकी वर्षं काढली, पण तिथून खोली वेगळीच दिसते. सगळे उंच, आपण बुटके.

मालकाचा वकील: “म्हणजे तुम्ही एकतीस वर्षं खोटं लिहीत आलात?”

“खोटं म्हणजे... मनाने.”

“आज जे सांगताय ते खरं, आणि तेव्हाचं खोटं, हे कशावरून?”

“आज मला यातून काही मिळणार नाही, म्हणून.” हे आधी ठरवलं नव्हतं. तोंडातून गेलं.

अकरा अर्ज साहेबांच्या पुढे. ते एकेक वाचत गेले. दुमजली घराच्या अर्जाशी थांबले, ओठ दाबून हसू आवरलं. मग मला विचारलं, “या बाई टेबलाशी आल्या तेव्हा तुम्ही त्यांना एकदाही विचारलं नाही, त्या कुठे राहतात?”

“नाही, साहेब.”

“का नाही?”

आणि मग मी बोललो. गुरुजींचं, पाटीचं, लोकांना गप्प बसवायच्या सवयीचं. सगळं बाहेर पडलं. म्हटलं, “साहेब, ही बाई लग्न होऊन आली तेव्हापासून त्या खोलीत आहे. एक रात्र बाहेर काढली नाही तिने. तिला उघड्यावर काढली ती मी, माझ्या टेबलावर बसून.” खोटं कशाला बोलू, बरं वाटलं.

साहेबांनी इस्त्रीवालीला विचारलं, “अर्ज तुम्हाला वाचून दाखवला होता?”

“नाही.”

“खोलीत किती वर्षं?”

“सव्वीस झाली.”

“आणखी काही सांगायचंय?”

तिने माझ्याकडे पाहिलं, वकीलबाईकडे पाहिलं. “भाऊ बोलले ना,” म्हणाली. “तेच.”

८ मार्च

परवाना तूर्त स्थगित. कागद शिपायानेच आणून दिला, त्याला ओशाळं झालं होतं. मसुदा वाचला. दोन ठिकाणी क्रियापद चुकलंय.

२१ मार्च

जिंकली! खोली तिची.

निकालात साहेबांनी लिहिलंय, ‘सदर अर्जातील मजकूर हा अर्जदाराचा नसून लेखकाच्या सवयीचा भाग आहे, असे शपथेवरील साक्षीवरून निःसंशय सिद्ध होते.’ माझ्यावरच्या शेवटच्या दोन ओळी इथे उतरवत नाही. परवाना रद्द.

इस्त्रीवालीने वकीलबाईचे हात धरले आणि रडली. मग माझ्या पाया पडायला वाकली, मी मागे सरलो आणि शिपायाच्या पायावर पाय दिला. तिने आज पहिल्यांदा नोटिशीचा कागद घडी घालून पिशवीत ठेवला नाही, टाकून दिला.

मालकाचा वकील जाताना म्हणाला, “वाक्य मात्र छान होतं हो!”

ही दारात उभी होती. “काय झालं?” सांगितलं. म्हणाली, “बरं केलंत.” चाळीस वर्षांत माझ्या वाट्याला आलेला पहिला शेरा. उशीत तोंड घालून रडलो, सांगायला हरकत नाही, इथे कोण वाचतंय.

२२ मार्च

टक्कलचा मेव्हणा माझ्या टेबलावर. ‘मुद्द्याचं बोला’ची पाटी तशीच ठेवलीय. म्हणाला, असू दे, चांगली आहे.

२८ मार्च

वकीलबाईने बोलावलं. कक्षात माणसं यायला लागली आहेत. एक निवाडा काय झाला, जिन्यात रांग! म्हणाली, “काका, तुम्ही बसाल का इथे? पगार नाही. आलेल्या माणसाचं फक्त ऐकायचं. लिहायचं नाही.”

“मग मी करू काय?”

“ऐका.”

बसलो. पहिला आला तो शेजारणीपासून सुरू झाला. जिभेच्या टोकावर पाटी आली होती, गिळली. अर्ध्या तासाने कळलं की त्याचं भांडण शेजारणीशी नव्हतंच, तिच्या मांजराने फाडलेल्या कागदाशी होतं. तो कागद म्हणजे कोर्टाचं समन्स, आणि तारीख आजची! धावत खाली पाठवला. मिळाली तारीख त्याला पुढची.

गुरुजी असते तर म्हणाले असते, पोरा, वाया गेलास. पण मनात म्हटलं, आता आपल्याला ऐकता येतं. एक माणूस आपण बोलून वाचवला, आता ऐकून वाचवू. छाती जरा फुगलीच.

५ एप्रिल

शर्ट आणायला टपरीवर गेलो. इस्त्री तापत होती. म्हटलं, चला, इथेही ऐकू या. विचारलं, “त्या दिवशी तू नवऱ्याचं काहीतरी सांगत होतीस, मी थांबवलं. सांग आता.”

“नवऱ्याचं नाही, भाऊ. खोलीचं. तो गेला ना, त्याच्या तेराव्या दिवशी म्हाताऱ्या मालकाने कुलूप लावलं. चार महिने मी पोरीला घेऊन भाजीबाजाराच्या मागे झोपत होते. उघड्यावरच. मग त्याची बायको अंथरुणाला खिळली, तिचं करायला कुणी मिळेना, तेव्हा मला परत किल्ली दिली. तुमच्याकडे अर्जाला आले ती त्या बाजारामागूनच.”

ती कॉलरवरून इस्त्री फिरवत होती. “मला वाटलं, तुम्ही म्हणालात सगळं माहीत आहे. आणि कोर्टात इतकं मनापासून सांगत होता, भाऊ. मध्ये कशी बोलू?”